काउंटर प्रोग्राममधला पासवर्ड मेमरीतून पुसणे : प्रकल्प नोंदी, पुणे, जून-जुलै २०२५

३ जून

कामाची हद्द आधी ठरवली. प्रोग्राम पतसंस्थेच्या काउंटरवर चालतो. सी++ मध्ये लिहिलेला, पडद्याचा भाग साध्या टर्मिनलचा, उबुंटू २४.०४, कंपायलर जीसीसी १३, सी लायब्ररी जीलिबसी २.३९. कारकून पासवर्ड टाकतो, त्यापासून आर्गॉन२आयडी या किल्ली बनवणाऱ्या पद्धतीने ३२ बाइटची किल्ली बनते आणि त्या किल्लीने यंत्रावरची खातेफाइल उघडते. पासवर्डाची गरज किल्ली बनेपर्यंतच असते. त्यानंतर तो मेमरीत एक क्षणही राहायला नको.

कोणापासून वाचवायचे आहे, हेही लिहून ठेवतो, नाहीतर काम कधी संपतच नाही. पहिला धोका क्रॅश झाल्यावर तयार होणाऱ्या कोअर डंपचा, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीच्या नकलेचा. ती फाइल दुरुस्तीसाठी ईमेलने फिरते. दुसरा धोका स्वॅप (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) आणि हायबरनेशनमधून डिस्कवर उतरलेल्या मेमरीचा. काउंटरवरून काढलेली डिस्क उद्या तपकीर गल्लीतल्या एखाद्या दुकानात विकायला असू शकते. तिसरा धोका मर्यादेबाहेर वाचणाऱ्या चुकीचा. २०१४ च्या हार्टब्लीड या त्रुटीत ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीकडून एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत शेजारची मेमरी बाहेर जात होती, आणि त्या शेजारात पासवर्डही असत.

पासवर्ड टाइप होत असताना ज्याच्या हातात रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकार, आहे त्याच्यापासून हे काम वाचवत नाही. तसा दावा कुठल्याही कागदात करायचा नाही.

५ जून

पुसण्याआधी शोधायचे कसे ते ठरवले.

चाचणीचा पासवर्ड प्रोग्रामच्या आत अक्षरशः लिहायचा नाही. तसे केले तर तो बायनरीच्या स्थिर भागात कायमचा बसतो आणि शोध दरवेळी तिथेच अडतो. कमांडच्या ओळीवरूनही द्यायचा नाही, एन्व्हायर्नमेंटमधूनही नाही. दोन्ही प्रोसेसच्या मेमरीतच असतात. वेगळा चाचणी प्रोग्राम दरवेळी २८ अक्षरांचा नवा पासवर्ड बनवतो आणि स्यूडो-टर्मिनलमधून माणसासारखा टाइप करतो. काउंटर प्रोग्राम ठरलेल्या ठिकाणी स्वतःला थांबवतो : यशस्वी लॉगिननंतर, चुकीच्या पासवर्डानंतर आणि लॉगआउटनंतर. मग चाचणी प्रोग्राम रूट म्हणून प्रॉक फाइलसिस्टममधल्या मॅप्स आणि मेम या, प्रोसेसची मेमरी दाखवणाऱ्या, फाइलींवरून प्रत्येक वाचता येणारा भाग चाळतो.

पहिल्याच फेरीत उत्तर आले : काहीही सापडले नाही. ते खोटे होते. जीलिबसीमध्ये छोटा ब्लॉक फ्री केला, म्हणजे परत सोडला, की तो टी-कॅशच्या, म्हणजे पुन्हा वापरायच्या ब्लॉकच्या, यादीत जातो आणि त्याच्या पहिल्या १६ बाइटांवर पुढचा पॉइंटर व एक खूण लिहिली जाते. म्हणजे पासवर्डाची पहिली १६ अक्षरे आपोआप झाकली जातात, उरलेली १२ जशीच्या तशी. पूर्ण २८ अक्षरे शोधणाऱ्याला सगळे स्वच्छ दिसते. आता पासवर्डाचे सलग ८ अक्षरांचे सगळे तुकडे शोधतो. २८ अक्षरांतून असे २१ तुकडे निघतात.

शोधायची रूपेही वाढवली. साधे बाइट, यूटीएफ-१६, आणि प्रत्येक बाइट ०एक्स३६ व ०एक्स५सी यांच्याशी एक्सॉर (उलटवता येणारी बिटवार क्रिया) केलेला. शेवटची दोन रूपे जुन्या खातेफायलींसाठी. त्यांची किल्ली पीबीकेडीएफ२ या जुन्या पद्धतीने बनते, त्याच्या आत एचमॅक (किल्लीसह काढायचा हॅश) असतो, आणि ६४ बाइटांहून छोटा पासवर्ड एचमॅकच्या आतल्या व बाहेरच्या पॅडमध्ये या दोन आकड्यांशी एक्सॉर होऊन बसतो. पॅड हाती लागले की पासवर्ड परत मिळवायला एक ओळ पुरते. जुना हाताने लिहिलेला एचमॅक हे पॅड पुसत नव्हता.

जीडीबी या डीबगरच्या जीकोअरने डंप काढून शोधू नये. ज्या पानांवर 'डंपमध्ये घेऊ नका' अशी खूण आहे ती पाने जीकोअर मुळात वगळतो. पासवर्ड तिथेच असेल तरी चाचणी पास होईल.

९ जून

जुन्या कोडमध्ये पुसायची ओळ होतीच : फंक्शनच्या शेवटी मेमसेट, म्हणजे जागा शून्याने भरणे. डीबग बिल्डमध्ये ती चालते. रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे ऑप्टिमायझेशनच्या ओ२ पातळीवर, पासवर्ड तसाच राहतो.

कारण सरळ आहे. बफर फंक्शनपुरता आहे, मेमसेटनंतर तो कोणी वाचत नाही, म्हणून भाषेच्या नियमांनुसार ते लिहिणे निरुपयोगी ठरते आणि कंपायलर ते काढून टाकतो. मेमसेट आणि लगेच फ्री, हीही जोडी त्याला ओळखता येते. हा कंपायलरचा दोष नाही. 'हे बाइट कोणी बाहेरून पाहील' ही गोष्ट भाषेला सांगायची सोयच साध्या मेमसेटमध्ये नाही. ऑब्जडंपने फंक्शनचा यंत्रकोड उलगडून पाहिला : मेमसेटची हाकही नाही, शून्य लिहिणारी सूचनाही नाही.

पर्याय तपासले. मेमसेट वेगळ्या फाइलमधल्या फंक्शनात ठेवणे हा जुना उपाय लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन चालू करताच मोडतो, कारण तेव्हा कंपायलरला सगळ्या फाइली एकत्र दिसतात. सी११ च्या परिशिष्टातले मेमसेट_एस ऐच्छिक आहे आणि जीलिबसीत नाही. सी२३ मध्ये मेमसेट_एक्सप्लिसिट आले, पण आपल्या जीलिबसीत ते मिळत नाही. ओपनबीएसडीकडून आलेले एक्सप्लिसिट_बीझीरो जीलिबसीत २.२५ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. ते घेतले. विंडोजवरच्या शाखेत सिक्युअर-झिरो-मेमरी. दोन्हींवर एकच आवरण-फंक्शन. बाकी कोडमध्ये पुसण्यासाठी दुसरे कुठलेही नाव दिसले तर बिल्ड थांबते.

यापुढे सगळ्या चाचण्या रिलीज बिल्डवर, लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनसह. डीबग बिल्डवरचा निकाल या कामात धरायचा नाही.

१२ जून, गुरुवार

गुरुवारच्या वीजबंदीतच हायबरनेशनची बाजू तपासायला हवी होती. काउंटरच्या यंत्रांवर यूपीएसची बॅटरी उतरली की हायबरनेट करायची सोय लावलेली आहे. हायबरनेट होताना मेमरीची प्रतिमा स्वॅपमध्ये लिहिली जाते आणि यंत्र परत सुरू झाल्यावरही, दुसरे काही वर लिहिले जाईपर्यंत, ते बाइट डिस्कवर तसेच पडून असतात.

एमलॉक या सिस्टम कॉलने मेमरीचे पान रॅममध्ये बांधले की ते स्वॅपला जात नाही, पण हायबरनेशनला एमलॉक अडवत नाही. हा फरक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून उपाय तीन जागी :

यंत्रावर हायबरनेट, हायब्रिड-स्लीप आणि सस्पेंड-देन-हायबरनेट ही तिन्ही टार्गेट सिस्टमडीत (लिनक्सच्या सेवा चालवणारा भाग) मास्क, म्हणजे बंद, केली. बॅटरी उतरली की आता सरळ शटडाउन. स्वॅप दर बूटला नव्या यादृच्छिक किल्लीने एन्क्रिप्ट होतो. तशा स्वॅपवरून हायबरनेशनमधून परत येताच येत नाही, त्यामुळे चुकून कोणी मास्क काढले तरी भीती नाही. आणि प्रोग्राम स्वतः सिस्टमडीच्या लॉगइनडीकडून झोपेची सूचना ऐकतो, विलंबाचे कुलूप धरतो, किल्ली पुसतो, मगच कुलूप सोडतो. या विलंबाची मुदत मूळ सेटिंगमध्ये ५ सेकंद आहे. पुसायला लागतो त्यापेक्षा हा वेळ कितीतरी जास्त. साध्या सस्पेंडमध्येही किल्ली पुसतो. रॅमची वीज गेल्यावरही मजकूर काही सेकंद ते मिनिटे टिकतो, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये थंड केलेल्या रॅमवर दाखवून दिले आहे.

एमलॉकबद्दल आणखी दोन गोष्टी. तो बाइटांवर नाही, ४०९६ बाइटांच्या पूर्ण पानावर लागतो आणि त्याची मोजदाद होत नाही. एकाच पानावरच्या दोन गुपितांना दोनदा कुलूप लावले आणि एकाने उघडले, की दुसऱ्याचेही गेले. म्हणून गुपितांसाठी एमॅपने थेट कर्नलकडून वेगळी पाने घेतली, प्रोग्राम सुरू होताना एकदाच कुलूप लावले, मध्ये कधी काढायचे नाही. दुसरे, फोर्कने बनलेल्या नव्या प्रोसेसला कुलूप मिळत नाही, पानाची प्रत मात्र मिळते. त्या पानांवर वाइप-ऑन-फोर्कची सूचना दिली, म्हणजे प्रत शून्यच मिळते; लिनक्स ४.१४ पासून ती आहे.

१६ जून

स्टँडर्ड स्ट्रिंग, म्हणजे सी++चा मजकूर ठेवायचा तयार प्रकार, हा या प्रोग्राममधला सर्वांत मोठा गळतीचा भाग निघाला.

पासवर्ड एकेक अक्षराने स्ट्रिंगमध्ये जमा होत होता. जीसीसीच्या लायब्ररीत १५ अक्षरांपर्यंतचा मजकूर स्ट्रिंगच्या ऑब्जेक्टमध्येच राहतो. १६वे अक्षर आले की हीपवर, म्हणजे मागणीप्रमाणे मिळणाऱ्या मेमरीत, ३० अक्षरांची जागा घेतली जाते, मजकूर तिकडे उतरवला जातो. पुढची उडी ६० ची. प्रत्येक उडीला जुनी जागा न पुसता सोडली जाते. शेवटी स्ट्रिंग कितीही नीट पुसली तरी ती फक्त शेवटची प्रत असते.

यातला बारकावा असा की ऑब्जेक्टमधले तेच १६ बाइट नंतर क्षमतेचा आकडा ठेवायला वापरतात, पण त्याला पहिले ८ बाइटच लागतात. म्हणून ९व्या ते १५व्या अक्षरापर्यंतची ७ अक्षरे ऑब्जेक्टमध्ये तशीच राहतात. ५ जूनला तुकडा ८ अक्षरांचा ठरवला होता. त्याला ही प्रत दिसणारच नव्हती. तुकडा ६ अक्षरांवर आणला, आता २३ तुकडे. यादृच्छिक अक्षरांत ६ अक्षरे योगायोगाने जुळण्याची शक्यता इतकी कमी आहे की खोटा इशारा येण्याची चिंता नाही.

स्ट्रिंगच्या क्लिअरने काही पुसले जात नाही. लांबी शून्य होते, पहिल्या जागी शून्य बसते, बाकी मजकूर तिथेच. शिवाय स्ट्रिंग व्हॅल्यूने पाठवली की आणखी एक प्रत. तपासणीच्या फंक्शनांची साखळी तीन पायऱ्यांची होती, तिन्ही व्हॅल्यूने.

स्ट्रिंग पूर्णपणे काढली. त्या जागी गुपिताचा एक छोटा वर्ग : २५६ बाइटची ठरलेली जागा, कुलूपबंद पानावर, कॉपी बंद, मूव्हही बंद, वाढणे नाही. ऑब्जेक्ट संपताना चालणारा डिस्ट्रक्टर पूर्ण २५६ बाइट पुसतो. मजकुराच्या लांबीइतके पुसायचे नाही. लांबी मोजून पुसणारा जुना कोड होता; आधी २० अक्षरांचा चुकीचा पासवर्ड आणि मग १० अक्षरांचा बरोबर टाकला की पहिल्याचे शेपूट उरत असे. चुकीचा पासवर्डही तितकाच मौल्यवान असतो : बहुतेक वेळा तो बरोबर पासवर्डाच्या एका अक्षराने चुकलेला असतो, किंवा त्याच माणसाचा दुसरीकडचा असतो.

व्हेक्टर आणि रिअ‍ॅलॉक यांना हेच लागू. रिअ‍ॅलॉकने जागा हलवली तर जुनी कधीच पुसली जात नाही, आणि तिचा पत्ता आपल्या हातात उरत नाही.

१८ जून

वर्ग बदलला तरी एक पूर्ण प्रत सापडतच होती. ती स्टँडर्ड इनपुटच्या बफरमध्ये. टर्मिनलवरून वाचताना जीलिबसी १०२४ बाइटचा बफर घेते आणि त्यात ओळ येते. पुढे कारकुनाने मेनूसाठी '१' दाबून एंटर केले तर पहिले दोनच बाइट बदलतात. पासवर्डाचे तिसऱ्या अक्षरापासूनचे सगळे दिवसभर तिथे.

आता पासवर्ड सरळ रीड या सिस्टम कॉलने, टर्मिनलचे डिव्हाइस स्वतंत्र उघडून, गुपिताच्या पानावरच वाचतो. मध्ये कुठलाही बफर नाही. प्रतिध्वनी (टाइप केलेले पडद्यावर दिसणे) बंद करताना टीसीसेटअ‍ॅट्रला फ्लश करणारा पर्याय दिला, म्हणजे आधी चुकून दाबलेली बटणे टाकून दिली जातात. इंटरप्ट किंवा थांबवण्याचा सिग्नल आला तर आधी पुसणे, मग टर्मिनल पूर्ववत करणे. पासवर्ड २५५ बाइटांहून लांब आला तर उरलेली ओळही त्याच जागेत वाचून टाकायची, नाहीतर ती पुढच्या वाचनात साध्या बफरमध्ये जाऊन पडते. पासवर्ड विचारणारे गेटपास हे तयार फंक्शन वापरू नये. ते कालबाह्य तर आहेच, शिवाय उत्तर स्थिर बफरमध्ये ठेवते.

काही कारकून देवनागरीत पासवर्ड ठेवतात, आणि ठेवावेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, म्हणजे ९ बाइट. २५६ बाइट म्हणजे अशी जेमतेम २८ जोडाक्षरे. पुरेसे आहे, पण पडद्यावर मर्यादा 'अक्षरां'त सांगायची नाही.

यात नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी बाइट-रूपे एक करणे, आले. 'वाऱ्यावर' मधला ऱ एका कळफलकावर एकच चिन्ह म्हणून येतो, दुसऱ्यावर र अधिक नुक्ता. दिसायला एक, बाइट वेगळे, पासवर्ड चुकीचा. आयसीयू या युनिकोड लायब्ररीने नॉर्मलायझेशन करायचे तर यूटीएफ-१६ च्या प्रती आल्या, आणि आत कुठे काय उरते ते आपल्या हातात नाही. म्हणून फक्त देवनागरी आणि आस्की स्वीकारून छोटी सारणी हाताने लिहिली. देवनागरी विभागात एनएफसी या नॉर्मलायझेशनच्या प्रकाराने बदलणारी ११ च चिन्हे आहेत : ऩ, ऱ, ऴ ही तीन जोडली जातात, आणि क़ ते य़ ही आठ उलट सुटी होतात. सुटे होताना ३ चे ६ बाइट होतात, म्हणून काम जागच्या जागी करता येत नाही. दुसरी ५१२ बाइटची गुपित-जागा घेतली. नुक्ता हलन्तानंतर टाइप झाला असेल तर तो आधी आणायचा, हेही सारणीत आहे.

२० ते २२ जून

पालख्या शहरात मुक्कामी, रस्ते बंद. चाचणी यंत्र हात न लावता चालू ठेवले : जुना प्रोग्राम, एक लॉगिन, मग काहीही नाही. रविवारी पाहिले तर फ्री केलेला ब्लॉक जागेवर, १७व्या अक्षरापासून वाचता येणारा. अपेक्षितच. ३१ बाइटच्या मागणीला ४८ बाइटचा ब्लॉक मिळतो, आणि त्याच आकाराची पुढची मागणी येईपर्यंत तो यादीत पडून राहतो. वेळ गेल्याने मेमरी स्वच्छ होत नाही, पुन्हा वापरल्याने होते.

२५ जून

स्टॅक, म्हणजे फंक्शनांची तात्पुरती जागा. किल्ली बनवून परतल्यावर, सध्याच्या स्टॅक पॉइंटरच्या खाली, आतल्या फंक्शनांनी सोडलेल्या चौकटींत पासवर्डाचे तुकडे. आर्गॉन२ च्या मूळ लायब्ररीत पासवर्ड पुसण्याचा झेंडा आहे, पण मूळ सेटिंगमध्ये तो बंद असतो आणि सोप्या फंक्शनांतून देता येत नाही; कॉन्टेक्स्ट घेणारे फंक्शन वापरावे लागते. ते केले. तरी चौकटी उरतात. त्या पुसायला आपल्याकडे पत्ता नाही, आणि 'खाली बरीच जागा शून्य करणारे फंक्शन बोलवा' हा उपाय किती खोल जायचे याच्या अंदाजावर टिकलेला आहे.

म्हणून किल्ली बनवण्याचे सगळे काम स्वतंत्र थ्रेडवर नेले, आणि त्या थ्रेडला स्टॅक आपला दिला : एमॅपने घेतलेले २५६ किलोबाइट, कुलूपबंद. थ्रेड संपून जॉइन झाला की पूर्ण स्टॅक एका हाकेत पुसायचा. अंदाज लागत नाही, म्हणून हा मार्ग आवडला. स्टॅक स्वतः देणे गरजेचे आहे. जीलिबसीने दिलेला स्टॅक थ्रेड संपल्यावर तिच्या साठ्यात जातो, न पुसता.

आर्गॉन२ची ६४ मेगाबाइटची कामाची जागा कुलूपबंद केलेली नाही. युलिमिटने दाखवलेली कुलूप लावायची मर्यादा ८ मेगाबाइट आहे, आणि त्या जागेत पासवर्ड जसाच्या तसा नसतो. लायब्ररी ती पुसतेही. एन्क्रिप्ट केलेला स्वॅप इथे पुरे.

रजिस्टरांसाठी जीसीसी ११ पासूनचा, परतताना वापरलेली रजिस्टरे शून्य करणारा पर्याय फक्त दोन फाइलींना लावला.

२७ जून

परीक्षणात दोन चुका. एका ठिकाणी पुसताना साइझऑफ पॉइंटरचा घेतला होता : ८ बाइट पुसले, २४८ राहिले. आवरण-फंक्शन आता पॉइंटर घेतच नाही, गुपिताचा वर्ग घेते. दुसरी, खातेफाइल सापडली नाही तर एक्झिट. डिस्ट्रक्टर अपवादात आणि लवकर परतण्यात चालतो; एक्झिटमध्ये स्थानिक ऑब्जेक्टचा चालत नाही, लाँगजंपवर भरवसा ठेवता येत नाही. मेन सोडून एक्झिट कुठेही नाही, असा नियम केला.

३० जून

अहवालाचा भाग जाव्हात आहे आणि त्याला पासवर्ड स्ट्रिंग म्हणून दिला जात होता. जाव्हाची स्ट्रिंग बदलता येत नाही, म्हणून पुसता येत नाही. कॅरेक्टर अ‍ॅरे घेऊन शून्याने भरला तरी गार्बेज कलेक्टरने (जाव्हाचा मेमरी आवरणारा भाग) मधल्या काळात तो हलवलेला असू शकतो, जुन्या जागेची हमी नाही. डॉटनेटमध्येही हेच दुखणे. किपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या, डॉटनेटवरच्या प्रोग्रामच्या २.एक्समध्ये २०२३ साली पासवर्डाच्या चौकटीतून प्रत्येक अक्षरासोबत एक स्ट्रिंग मेमरीत उरत होती आणि डंपमधून पहिले अक्षर सोडून जवळपास पूर्ण मुख्य पासवर्ड जुळवता येत होता, २.५४ मध्ये ते दुरुस्त झाले. ते लोक गुपितांबाबत अतिशय काळजी घेणारे होते, तरी चौकटीच्या आत काय होते ते त्यांच्या हातात नव्हते.

जाव्हाला पासवर्ड द्यायचाच नाही. सी++ भाग फाइल उघडतो आणि अहवालाला लागणाऱ्या ओळी युनिक्स सॉकेटवरून पाठवतो. या एका बदलाने जाव्हाकडच्या पुसण्याच्या सगळ्या ओळी काढता आल्या.

३ जुलै

कोअर डंप. कोअरची मर्यादा शून्य करणे पुरत नाही : कोअर पॅटर्न (डंप कुठे द्यायचा ते सांगणारी कर्नलची सेटिंग) पाइपने सुरू होत असेल, आणि उबुंटूवर अ‍ॅपोर्टमुळे तो तसा असतो, तर कर्नल ती मर्यादा न बघता डंप त्या प्रोग्रामला देतो. मेनच्या पहिल्याच ओळीत पीआरसीटीएल या सिस्टम कॉलने डंपेबल झेंडा शून्य केला. एक्झेक झाल्यावर, म्हणजे नवा प्रोग्राम सुरू होताना, हा झेंडा पुन्हा १ होतो, म्हणून आधीच्या स्क्रिप्टमध्ये लावून उपयोग नाही. गुपिताच्या पानांवर डोंट-डंपही आहे.

चाचणी आता प्रत्येक बिल्डला चालते. सोबत मुद्दाम बिघडवलेले एक बिल्ड, ज्यात साधा मेमसेट ठेवला आहे. त्यात पासवर्ड सापडला नाही तर चाचणीच नापास. शोधणारा आंधळा झाला तर तो दिवस कळला पाहिजे.

उघडे राहिलेले : देवनागरी टाइप करताना अक्षरे आयबस या टायपिंग सेवेच्या प्रोसेसमधून आणि टर्मिनलच्या प्रोसेसमधून जातात. त्या दोन्हींची मेमरी अजून चाळलेली नाही. पुढची फेरी तिथून.